पेशवाईतलं दार

बाबा, गेल्या आठवड्यात एका बाईंनी मला उंबऱ्यावर बसवलं. "बसा हो मिस्त्री, उभे का?" म्हणून त्यांनी हातानं दाखवलं आणि मी खाली न बघता बसलोसुद्धा. बाकाएवढ्या उंचीचं काहीतरी होतं, वर निळी गादी होती. चहाचा कप हातात आला. एक घोट घेतला आणि सवयीनं दुसऱ्या हातानं बुडाखालच्या लाकडाची कड चाचपली, साग आहे की दुसरं काही, एवढंच बघायला. बोटांना मधोमध खोलगट झीज लागली. बाकाला अशी झीज पडत नाही, ती पायांनी पडते. मी उठून गादी उचलली. दोन्ही टोकांना चौकटीचे खांब बसायची भोकं, मध्ये हळदीकुंकवाचा तेलकट काळा डाग, आणि खाली चार नवे पाय ठोकलेले. निम्मा चहा धोतरावर सांडला. बाई म्हणाल्या, "काय झालं? चावलं का काही?" त्यांना काय सांगणार! आठ वर्षांचा असताना आपल्या उंबऱ्यावर भाकर खात बसलो होतो, तेव्हा तुम्ही माझं बखोट धरून उचललं होतंत. "एक तर आत ये, नाय तर भायेर जा. मधी बसाया ती काय जागा हाय?" त्यानंतर आजवर मी कुणाच्या उंबऱ्याला नुसता पायही लावला नव्हता. आणि त्या दिवशी गादी टाकून बसलो, वर चहा प्यालो.

पण आधी नीट बुडापासून सांगतो, नाहीतर म्हणाल, पोरगं नेहमीसारखं शेंड्याकडून बोलतंय. मी आता शहापुरात असतो. बाजाराच्या मागे माझं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत. गावाबाहेर मुंबईच्या एका वकिलांनी बंगला बांधलाय. लढाईत मुंबईवर बॉम्ब पडतील म्हणून घाबरून त्यांनी इथे जागा घेतली होती. बॉम्ब काही पडले नाहीत, लढाई संपली, स्वराज्यही आलं, आणि बंगला आत्ता कुठे पुरा झाला. बाहेरून एकदम नव्या तऱ्हेचा. सिमेंटचा, गोल कोपऱ्यांचा, काचेच्या लांबच लांब खिडक्यांचा. एक जुनी चौकट डुगडुगते, ती बघायला या, असा त्यांच्या बाईंचा निरोप आला म्हणून गेलो. मला वाटलं, आत आरशाची कपाटं असतील, फिरत्या पायांची टेबलं असतील, दोन नवे नमुने बघायला मिळतील. आत पाऊल टाकलं आणि आ वासून उभा राहिलो. भिंतीवर बैलगाडीचं चाक! खरंखुरं, लोखंडी धाव बसवलेलं, आणि धुऊन तेल लावलेलं. कोपऱ्यात उखळ, उखळात माती, मातीत शोभेचं झाड. भात मोजायची पायली, तिच्यात छत्र्या उभ्या. छताच्या कडीला पाळणा टांगलेला आणि पाळण्यात मासिकं! मी न राहवून म्हटलं, "बाई, पाळण्यात पोर निजवत्यात." त्या हसल्या, "आमची मुलं मोठी झाली हो." मी म्हटलं, "मंग काढून ठेवा. रिकामा पाळणा हालवू नये." तर म्हणे, "रिकामा कुठाय? मासिकं आहेत की!" आता बोला.

बाई वाईट नाहीत, हे इथेच लिहून ठेवतो. जाडंभरडं खादीचं लुगडं, हातात दोनच बांगड्या, बोलायला मोकळ्या. सुताराला खुर्ची, म्हणजे उंबरा का होईना, देणाऱ्या आणि स्वतः कपात चहा ओतणाऱ्या बायका मी फार पाहिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुंबईत आता हीच आवड आहे, मिस्त्री. आमच्या ओळखीच्या घरांतून विलायती सोफे गेले. जुनं ते सोनं, खरं की नाही? आता घरंही आपली दिसायला हवीत." माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आपली म्हणजे कुणाची हो? गेली सतरा वर्षं मी काय केलं, त्याची सुरुवात तुम्ही पाहिलीच होती. मुरबाडपासून शहापूरपर्यंत घराघरांत हिंडून लोकांचे पाट काढले आणि खुर्च्या दिल्या, बाजा काढल्या आणि पलंग दिले, मेखांची दारं काढली आणि बिजागरीची दिली. लोक नाही म्हणायचे, तर मी म्हणायचो, अहो मुंबईत असलं कुणी ठेवत नाही आता. आणि ती मुंबई इथे येऊन बसली आहे, आणि मी फेकून दिलेलं सगळं भिंतीवर टांगते आहे. मला हसू येत होतं.

मग त्यांनी मला चौकट दाखवली. बैठकीची खोली आणि जेवायची खोली यांच्या मधल्या रस्त्यात ती उभी केलेली, खाली उंबरा नाही, कोपऱ्यांना लोखंडी स्क्रू पिळलेले. डुगडुगेल नाही तर काय करील? डावा खांब उलटा लावलेला. त्याच्यावरचा कोरीव वेल वरून खाली उतरत होता. मी म्हटलं, "बाई, ह्यो शेंडा खाली हाय." त्या म्हणाल्या, "वेल सज्ज्यावरून लोंबतोय असं नाही का वाटत? मला ते फारच आवडलं." दाराची एक फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. दुसरी चार लाकडी घोड्यांवर आडवी, वर काच, काचेवर चहाचा ट्रे. टेबल केलं होतं तिचं. मी ट्रे बाजूला सरकवला आणि काचेखालून एका पोपटानं माझ्याकडे बघितलं.

बाबा, तो पोपट. लाकडातली गाठ हाच ज्याचा डोळा आहे, तो. तुमचा पोपट. टोकावड्याच्या अलीकडच्या त्या शेतकऱ्याच्या घराला तुम्ही बसवलेलं दार, आणि मी वीटभट्टीत जाळायला पाठवलेलं. सतरा वर्षं मी धरून चाललोय की त्याची राख झाली. मेलेलं माणूस बाजारात समोरून चालत यावं तसं झालं. हात काचेवर ठेवला होता, तो मला उचलता येईना.

बाई मागून बोलतच होत्या. "कल्याणच्या व्यापाऱ्याकडून घेतलं. पेशवाईतलं आहे म्हणाला. पण साहेबांचे एक मित्र येऊन गेले, ते म्हणतात, छे, तुम्हाला फसवलं, हे अलीकडचंच कुणा खेडवळ सुताराचं काम. आता तुम्हीच सांगा. तुम्ही लाकडातले. खरंच जुनं असेल तर आम्ही ते नीट उभं करू. नसेल तर मग काय, फळ्या आणि खांब कापून स्वैपाकघरातल्या कपाटांना लावा. लाकूड तरी चांगलं आहे ना?" मी म्हणालो, लाकूड चांगलं आहे. चार दिवसांनी बघून सांगतो म्हणालो आणि जवळजवळ पळतच बाहेर आलो. खरं सांगितलं तर करवत, आणि ती चालवायची मीच. खोटं सांगितलं तर दार वाचणार, पण मग ते तुमचं राहणार नाही. घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, कुणाशी भांडलात? मी म्हटलं, अजून नाही.

पेशवाई! सोळा वर्षांचा होतो मी ते दार होताना. सिद्धगडाच्या बाजूला जाऊन तुम्ही साग निवडलात, बुंध्याला हळदकुंकू लावलंत, चार दाणे तांदूळ ठेवलेत आणि त्या झाडाशी माणसाशी बोलावं तसं बोललात, "तुला घरात नेतो, उघड्यावर नाय ठेवत." मी तोंड फिरवून हसलो होतो. मग लाकूड वाळायला ठेवलं, मग कापलं, आणि प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी तुम्ही कोळशानं खूण केलीत. झाड उभं होतं तसंच घरात उभं राहिलं पाहिजे, बुडखा खाली, शेंडा वर, नाहीतर त्या घरात कुणाचंच कुणाशी पटत नाही, असं तुमचं म्हणणं. उजव्या फळीत नेमकी मध्यावर गाठ निघाली. घरधनी म्हणाला, फळी बदला. तुम्ही त्याला झिडकारलंत, "गाठ काय म्हंतंस, झाडाचा डोळा हाय तो." तीन दिवस त्या डोळ्याकडे बघत बसलात, कुणाशी बोलला नाहीत, आणि चौथ्या दिवशी पटाशी घेऊन त्याच्याभोवती पोपट काढायला लागलात. खरवताच्या खरखरीत पानांनी तो पोपट घासून घासून मी गुळगुळीत केलाय. माझ्या बोटांची कातडी गेली होती. तुम्ही बघून एवढंच म्हणालात, "बरं हाय." तेवढंच. तुम्ही काही गोड बोलणारे नव्हता हो. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सारायचा, पटाशी बोथट झाली तर पटाशीच्या आईबापाचा उद्धार करायचा. पण त्या "बरं हाय"वर मी चार दिवस हवेत होतो.

मग मी मुंबईला गेलो, कारखान्यात शिकलो, पॉलिश आणि काच आणि बिजागऱ्या शिकलो आणि शहाणा होऊन परत आलो. त्या शेतकऱ्याचा मुलगाही गिरणीतून परत आला होता. त्याला विटांच्या भिंती हव्या होत्या आणि काचेच्या तावदानांचं, पितळी मुठीचं दार हवं होतं. काम मला मिळालं. ते मी तुम्हाला आपल्या वैशाखऱ्याच्या घरी, तुम्ही जेवायला बसला असताना सांगितलं. आई चुलीशी होती. मला वाटलं होतं, पोराला पहिलं मोठं काम मिळालं म्हणून तुम्ही खूश व्हाल. तुम्ही विचारलंत, "नि पयलं दार?" मी म्हटलं, "काढणार. दोन घाव घातले की येतंय." तुम्ही तोंडातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात. "दोन घाव?" आई मला म्हणाली, जेवू दे रे त्यांना, जेवताना कशाला. पण तुम्ही हात धुतलात. अर्धी भाकरी ताटात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर पोहोचलो तर तुम्ही माझ्याआधी तिथे हजर, खांद्यावर हत्यारांची पिशवी. "मी बसवलं, मीच काढीन. तू फोडशील." अख्खा दिवस घेतलात. आधी उंबऱ्यावर पाणी घातलंत, हळदकुंकू वाहिलंत आणि वाकून काहीतरी पुटपुटलात, ते मला ऐकू आलं नाही. मग एकेक मेख उलट्या बाजूनं हळूहळू ठोकून काढलीत आणि अंगावरच्या पंच्यात ओळीनं मांडलीत. खैराच्या मेखा, एकही तुटली नाही. गवंडी काम सोडून बघत उभे राहिले. घरातली म्हातारी डोळ्यांना पदर लावून आत गेली. आणि मी? मी घुसमटत होतो बाबा. लाजेनं. माझा बाप एक दार काढायला दिवस घालवतोय, माझं काम अडलंय, गिरणीवाल्यासमोर माझी शोभा होतेय, एवढंच माझ्या डोक्यात. संध्याकाळी सगळे तुकडे भिंतीला उभे केलेत, कुठे ओरखडा नाही. जाताना म्हणालात, "सावलीत ठेव. आडवं नको टाकू. पावसाआधी कुनाच्या तरी घराला लागंल." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवरून विटांची गाडी आली. गाडी खाली झाली. गाडीवान बैलांना पाणी दाखवत म्हणाला, "गाडी रिकामीच चाललीय. भट्टीला सरपन हाय का कुठं?" मी माप घेत होतो, पेन्सिल दातात होती. हातानंच दाखवलं, ते तिकडे आहे ते घेऊन जा. बस, एवढंच. रागानं केलं असतं तर निदान रागाला बोल लावता आला असता. तसं काही नव्हतं. अंगणातली अडगळ जात होती, जाऊ दिली.

आठ-दहा दिवसांनी तुम्ही आलात, तेव्हा मी तावदानं बसवत होतो. तुम्हाला इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं. वैशाखऱ्यात कुणीतरी घर बांधत होतं, त्याला तुम्ही ते दार कबूल करून आला होता, बैलगाडी घेऊनच आला होता. "कुठं ठेवलंस रे?" मी सांगितलं, भट्टीत गेलं. तुम्ही ओरडाल म्हणून मी मान खाली घालून थांबलो. तुम्ही ओरडला नाहीत. खरंच कळत नसल्यासारखं, शाळेतल्या पोरानं विचारावं तसं विचारलंत, "मंग मी ते जपून कशाला काढलं रे?" आणि मी, मुंबईचा शहाणा, काय म्हणालो? "जुनं ते सोनं राहिलं नाही बाबा, आता जुनं ते सरपण." गिरणीवाला हसला. मीही हसलो. तुम्ही रिकामी गाडी वळवून निघून गेलात. त्यानंतर वर्षभर तुम्ही होता. माझ्याशी बोलत होता, पावसापाण्याचं, आईच्या गुडघ्याचं, सगळं. दाराचा शब्द काढला नाहीत. शेवटच्या तापातसुद्धा नाही.

तर बंगल्यातल्या त्या चहानंतर मला राहवेना. जाळायला गेलेलं दार बंगल्यात आलं कुठून? दुसऱ्या दिवशी मोटारीनं मुरबाड गाठलं आणि पुढे भट्टीपर्यंत चालत गेलो. भट्टीवाला कधीच वारला. त्याची म्हातारी ओट्यावर पावटे सोलत होती. मी दाराचं विचारलं तर म्हणाली, "तू त्या सुताराचा पोर ना? ये, बस." मग सांगायला लागली. "जाळायाच आनलेलं. ह्यांनी गाडीतून उतरवलं नि त्या पोपटानं माझ्याकडं बघलं रे. मी म्हटलं, ह्याला काडी लावलीत तर बघा, मीच बसते भट्टीत. मंग गोठ्याला लावलं. तारांनी बांधलं, आमाला कुठं येतंय तुमच्यावानी? सोळा वरसं गुरं त्यातनंच आत-भायेर केली." म्हणजे ती झीज खुरांची! गोठ्यातला धूर, उन्हापावसाचा मारा, गुरांच्या अंगाचं घासणं, यांनी मिळून सोळा वर्षांत पेशवाई आणली. म्हातारी पुढे म्हणाली, "गेल्या साली कल्यानचा एक मानूस आला, त्यानं पत्र्याचं नवंकोरं दार बसवून दिलं नि ह्ये नेलं. पत्र्याचं बरं हाय बाबा, उधई लागत नाय." आणि मग शेंगा बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुझ्या बाला सांगितलं व्हतंस ना, जळालं नाय म्हून? त्याच्या जिवाला बरं वाटलं असंल."

मी म्हटलं, मला ठाऊकच नव्हतं.

"इचारायचं व्हतंस! भट्टी काय लंकेत व्हती?"

बाबा, चार मैल. तुमच्या अंथरुणापासून ते दार चार मैलांवर उभं होतं. वर्षभर. तारांनी बांधलेलं का होईना, उभं होतं, त्यातून गुरं ये-जा करत होती, पोपट होता. मी एकदा चौकशीला गेलो असतो, तुम्ही गाडी घेऊन आलात त्याच दिवशी पळत गेलो असतो, तर ते तुम्हाला आणून देता आलं असतं. मी गेलो नाही, कारण गेलेली वस्तू गेली असं मी धरून चाललो. एका दारासाठी कोण चार मैल जातं? ज्या बाईनं तुम्हाला कधी पाहिलं नाही, तिनं नवऱ्याशी भांडून ते राखलं. मी तुमचा मुलगा. मी त्या ओट्यावरून उठेचना, तेव्हा म्हातारीनं घाबरून पाणी आणलं. तिला वाटलं, उन्हानं झालं.

चौथ्या दिवशी बंगल्यावर गेलो. वाटेत दहा वेळा ठरवलं, खरं सांगायचं. हे माझ्या बापाचं काम आहे, पेशवाईतलं नाही, पण कापू नका. मग वाटायचं, बाईंना बाप नको आहे, पेशवाई हवी आहे. "खेडवळ सुतार" म्हणताना त्यांचा आवाज कसा पडला होता, ते मी ऐकलं होतं. बाई वाटच बघत होत्या. मी गंभीर चेहरा करून लाकूड ठोकलं, वास घेतला, नखानं कड खरवडली. हे सगळं सोंग, तुम्ही बघितलं असतंत तर पायातली वहाण काढली असतीत. "सांगा ना," बाई म्हणाल्या, "पेशवाईतलंच आहे ना?"

मी म्हटलं, "त्याच्याबी आधीचं असंल बाई."

त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "कशावरून?" मग मात्र मी खरं तेच सांगत सुटलो. "यात लोखंडाचा एक खिळा नाय. मेखेवर सगळं. ह्यो वेल बघा, बुडाकडं जाड, शेंड्याकडं बारीक, झाड जसं वाढतं तसा काढलाय. नि ह्यो डोळा. गाठ टाळत्यात समदे. ज्यानं ठेवली त्यो मानूस आता ऱ्हायला नाय. असल्या कामाला करवत लावायची नसते. नि उंबरा खाली नसंल तर ह्ये कधीच उभं ऱ्हानार नाय, तुमी कितीबी स्क्रू मारा." बाईंनी तिथल्या तिथे गादी उचलून आत नेली. काच काढली. "तुम्ही म्हणाल तसं, मिस्त्री." तीन दिवस लागले. खैराच्या मेखा नव्यानं तासल्या, खांब सरळ केला, उंबऱ्याचे पाय उपटून फेकून दिले. हाताखालचे दोघे कुजबुजत होते, मिस्त्री एका दाराला तीन दिवस लावतायत म्हणून. मी ऐकलं आणि पुढची मेख तासायला घेतली. दोन्ही फळ्या स्वतःच्या खुंटांवर फिरायला लागल्या, कुरकुर नाही. बाईंनी आपणहून हळदीकुंकवाचं तबक आणलं आणि उंबरा ओलांडून जाताना पाय उचलून टाकला.

मग त्या पोपटावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ज्यानं हे केलं तो माणूस किती शांत असेल, नाही? किती प्रेमळ." मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं निमित्त केलं. त्या म्हणाल्या, "नाव कुठेच कोरलेलं नाही. वाईट वाटतं. कोण असेल हो?"

मी म्हणालो, "कोन जाने बाई. त्या काळी नावं कोरायची पद्धत नव्हती."

हे सगळं लिहून झाल्यावर मघापासून कागद हातात घेऊन बसलोय. वैशाखऱ्याच्या घराला कुलूप आहे, आई गेली, तुम्हाला वाचून दाखवणारं कुणी नाही, आणि तुम्हाला कुठे वाचता येत होतं? हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून देईन. पण ठेवायच्या आधी एक दुरुस्त करायला हवं. दार वाचावं म्हणून खोटं बोललो, असं वाचताना वाटतं. पेशवाईचं खोटं त्यासाठीच बोललो, ते खरं आहे. पण बाईंनी नाव विचारलं तेव्हा दार बसून झालं होतं. उंबरा जागेवर होता, मेखा पक्क्या होत्या, बाईंचा जीव त्या पोपटावर जडला होता. तेव्हा माझ्या बापानं केलंय म्हणालो असतो तरी त्यांनी आता काही कापलं नसतं. उलट मला पुन्हा बसवून घेऊन सगळं विचारलं असतं. आणि मग हेही विचारलं असतं, की वडिलांचं एवढं काम, तर मिस्त्री, तुम्ही ते जाऊ कसं दिलंत? त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुमचं नाव घेतलं नाही, बाबा.